पाठ आणि पोट

धनुष्याला पाठ असते आणि पोटही असतं. लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरीच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे वळलेलं असतं ते पोट. दोरी ओढली की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटातले दाबले जातात. पाठीला शक्यतो हात लावायचा नाही आणि दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून लाकूड काढत राहायचं. एकसंध लाकडाचं धनुष्य करण्याची रीत इतकी थोडक्यात सांगता येते. वेळ जातो तो ‘सारख्या’ म्हणजे किती सारख्या, हे डोळ्याला कळण्यात.

माझं पोट भरतं तेही वाकणाऱ्या वस्तूंवरच. पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कारखान्यात ट्रकचे कमानपाटे तयार होतात, तिथे मी गुणवत्ता विभागात आहे. सिलिकॉन-मँगनीज मिसळलेल्या पोलादाच्या पट्ट्या भट्टीत लाल करायच्या, साच्यात बाक द्यायचा, तेलात विझवायच्या, पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवायचा आणि ज्या बाजूला ताण येणार तिच्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करायचा. याला आम्ही शॉट पीनिंग म्हणतो. एका लॉटमधला प्रत्येक पाटा दुसऱ्यासारखा निघाला तर माझ्या खात्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. आमच्याकडची शाबासकी ती एवढीच.

लाकडाच्या कमानीकडे लक्ष गेलं ते काठीच्या होळीत. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव राजवाडी होळीसाठी ओळखलं जातं. रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. नाचायला आलेल्यांपैकी काहींच्या हातात तीरकामठा होता. एकाने तो मला हातात घेऊन पाहू दिला. कामठा बांबूचा, आणि दोरीही बांबूचीच! बांबूची लांब चिरफाळी तासून केलेली लवचीक पट्टी दोन्ही टोकांना बांधून घेतलेली. दोरी ताणली की लांबत असेल तर ओढताना खर्च केलेलं बळ तिच्यातच जिरतं, बाणाला कमी मिळतं. बांबूचा तंतू जवळजवळ लांबत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोऱ्यांची यादी आहे, तिच्यात मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या जोडीला वेणूही आहे, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. सातपुड्यात ती यादी अजून वापरात आहे.

त्याच ठिकाणी धनुष्यांचेही चार प्रकार सांगितले आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. मला लाकडाचं करायचं होतं. बांबूत निसर्गाने अर्धं काम करून ठेवलेलं असतं. बाहेरच्या सालीजवळ तंतू दाट, आतल्या बाजूला विरळ, आणि ही रचना थोड्याफार फरकाने प्रत्येक कांड्यात तीच. लाकूड मात्र एकाच फांदीत चार स्वभावांचं निघतं. रोज एकसारख्या वस्तू मोजणाऱ्या माणसाला त्याचंच कुतूहल वाटलं असावं.

इंग्लंडमध्ये या कामाला ‘यू’ नावाच्या झाडाचं लाकूड वापरत. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं, म्हणून दोन्ही एकाच काठीत राहतील अशी फाळ काढायची. 1545 साली बुडालेलं ‘मेरी रोज’ हे जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढलं; त्यावर अशी शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. त्यांतली बरीचशी ओढायला 100 पौंडांपेक्षा, म्हणजे 45 किलोंपेक्षा अधिक जोर लागत असे. पण ते झाड आपल्या सह्याद्रीत शोधून उपयोग नाही. आपल्याकडे आहे धामण. साप नव्हे, झाड. शेतकऱ्याला ते पाहिल्याबरोबर ओळखू येतं, कारण कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जिथे लाकडाने वाकावं पण तुटू नये, तिथे धामणच लागते. सालीचा दोर होतो, पाला गुरं खातात, फळं पोरं खातात.

मुळशीकडच्या एका ओळखीच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, “धामण? बांधाला हाय की. राबाला दरसाल तोडतोय आमी. कसला दांडा करायचाय?”

“तीरकामठा करायचाय, काका.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सरळ फाटा बघून ठिवतो. पर ताई, कुनाच्या डोळ्याबिळ्याला लावू नका.”

भाताच्या रोपांची जागा भाजायला मावळात फांद्या तोडतात, तो राब. वर्षानुवर्षं तोडल्यामुळे बुंध्यातून नवे सरळसोट फुटवे येतात. मला हवं होतं ते असंच, मनगटापेक्षा जाड आणि माणसाएवढं लांब. गाठी कमी असाव्यात आणि सालीवरच्या रेषा उभ्या असाव्यात. रेषा जिन्यासारख्या फिरत वर गेलेल्या दिसल्या तर फांदी दिसायला कितीही सरळ असो, चिरल्यावर फाळ पिळवटलेलीच निघते. झाडाची पारख मला काकांनी शिकवली. त्यांना बाणाचं काही घेणंदेणं नव्हतं, पण दांड्यासाठी फांदी निवडायची त्यांची नजर मला सगळी कामाला आली.

फांदी आणली की पहिलं काम टोकं रंगवायचं. लाकूड टोकाकडून फार लवकर सुकतं आणि तिथूनच तडे आत शिरतात, म्हणून कापलेल्या तोंडाला ऑइलपेंटचे जाड हात द्यायचे. मग पाचरी ठोकून फांदी उभी चिरायची. इथे करवत चालवायची नाही. करवत आपल्याला हवी तिथून जाते, पाचर लाकडाच्या तंतूंमधून जाते. दोन फाळी पुरेशा जाड ठेवून सावलीत, वारं लागेल अशा जागी ठेवायच्या. सुकलं का, हे कळायची साधी खूण म्हणजे वजन. माझ्या फाळींच्या अंगावर पेन्सिलीने वजनांच्या ओळी लिहिलेल्या असतात. आकडे आधी भराभर उतरतात, मग रेंगाळतात. उतरायचे थांबले की हवेत जेवढी ओल आहे तेवढीच लाकडात उरली असं समजायचं. त्याआधी वाकवलं तर ओलं पोट दबतं आणि पुन्हा वर येत नाही.

घडण्याचं काम मी एका सुतारमामांच्या शेडमध्ये करते. खाटा-चौकटी करण्यात त्यांची हयात गेली. माझ्या फाळीकडे पाहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “याचा सांधा कुठं येणार?” सांधा नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता संपली. पण हत्यार हातात धरायची पद्धत त्यांनीच घालून दिली. वाकसाने जास्तीचं लाकूड उतरवायचं, मग रंधा, मग कानस, आणि शेवटी काच. फुटलेल्या खिडकीच्या काचेचा तुकडा दोन्ही हातांत धरून, किंचित तिरका करून ओढला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा लाकडाचा पातळ पदर वर येतो. पॉलिश पेपरने भुसा निघतो, काचेने पदर निघतो, आणि पदर निघाला की किती निघाला ते दिसतं. शेवटची बरीचशी घडण या काचेच्या तुकड्यानेच होते.

पाठीचा नियम मामांना लगेच पटला. साल निघाल्यावर खालचा पहिला थर जसा आहे तसा ठेवायचा, मग तो खालीवर असो की बाकदार. पाठ सपाट दिसावी म्हणून तासली तर तंतू मधेच तोडल्यासारखे होतात आणि ताण आला की त्या तुटक्या टोकापासून चीर उचलते. धामणीची साल आत दोरासारखी चिकट असते. ती सोलायला मी जुन्या सुरीची बोथट पाठ वापरते, म्हणजे खालच्या लाकडाला ओरखडा येत नाही. गाठ आली तर तिला वळसा घालून थोडं लाकूड जास्त ठेवायचं. मामा याला “रेषेच्या मर्जीने चालायचं” म्हणतात. पलंगाच्या पायाला हा नियम त्यांनी कधीच लावला नसेल.

माप साधंच असतं. लांबी साडेपाच फुटांच्या आसपास. मधे मूठ, वीतभरापेक्षा कमी, जाड आणि न वाकणारी. मुठीच्या दोन्ही बाजूंना भुजा दीड इंचाहून थोड्या रुंद, टोकाकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळत्या. रुंदी एकदा आखून कापली की तिला पुन्हा हात लावत नाही. पुढचा सगळा व्यवहार जाडीशी, आणि तो फार महाग असतो. पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. जाडी दहा टक्क्यांनी उतरली तर ताठरपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. सुरुवातीला वाकसाच्या घावाने काही बिघडत नाही. शेवटी शेवटी काचेच्या चार हातांनी धनुष्याचं बळ बदलतं.

खरं काम इथून पुढे. आधी टोक जमिनीला टेकवून, मुठीवर भार देऊन नुसतं वाकवून बघायचं. भुजा हलायला लागल्या की टोकांना खाचा पाडून लांब, सैल दोरी लावायची. भिंतीवर एका फळीच्या खोबणीत मूठ अडकवते, दोरीला आकडा लावते आणि खालच्या कप्पीवरून दोर ओढत समोर उभी राहते. मागे भिंतीवर खडूने चौकटी आखल्या आहेत. पहिल्यांदा दोनचार इंचच ओढायचं आणि बघायचं. डावी भुजा मधे ताठ आहे का? उजवी मुठीजवळ जास्त वाकते का? ताठ जागेवर पेन्सिलीने खूण, धनुष्य खाली, खुणेवर काच, पुन्हा वर. लाकूड काढल्यावर लगेच निकाल द्यायचा नाही. वीसतीस वेळा हलकेच ओढून सोडायचं, म्हणजे लाकडाला झालेला बदल अंगवळणी पडतो, मगच तो डोळ्याला दिसतो.

डोळा चुकतो तिथे एक साधं अवजार कामी येतं. वीतभर सरळ ठोकळा घ्यायचा, त्याच्या मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवायची आणि टोक किंचित बाहेर ठेवायचं. धनुष्य ओढलेल्या स्थितीत हा ठोकळा पोटावरून सरकवायचा. जिथे पुरेसा वाक आहे तिथे ठोकळ्याखाली पोकळी राहते, पेन्सिल टेकत नाही. जिथे लाकूड ताठ आहे तिथे टेकते आणि रेघ उमटते. रेघ उमटली तिथलंच लाकूड काढायचं. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही गेजइतकंच हे प्रामाणिक आहे आणि खर्च एका पेन्सिलीचा.

या कामाने मला विचारात पाडलं ते इथे. एखादी जागा जास्त वाकत असेल, तर ती कमकुवत झाली. तिला बळ देता येत नाही, लाकूड परत चिकटवता येत नाही. मग उरतो एकच मार्ग: ती जागा सोडून बाकी सगळ्या धनुष्याला तिच्या बरोबरीला आणायचं. म्हणजे चांगलं, मजबूत लाकूड काढून टाकायचं. सुरुवातीला हात धजावत नाही. 40 पौंडांचं धनुष्य करायला घेतलं आणि एका कमजोर जागेपायी ते 30 वर येतंय, हे पाहून जीव तुटतो. पण मजबूत भाग मजबूत ठेवले तर ते वाकायचं काम करत नाहीत, त्यांच्या वाट्याचं वाकणंही त्या एका जागेवर पडतं आणि धनुष्य तिथेच मोडतं. कुणी जास्त सोसू नये म्हणून सगळ्यांनी सारखं सोसायचं. म्हणून धनुष्याचं बळ मी आता आधी ठरवत नाही. वाक जुळेपर्यंत काम करते आणि जे उरेल ते त्या लाकडाचं बळ समजते. कारखान्यात हे वाक्य बोलले तर मला मीटिंगमधून बाहेर काढतील.

पोलाद आणि लाकूड यांच्यातला एक फरक मला फार उशिरा नीट उमजला. पाट्याला भीती ताणाची असते. लाखो वेळा वाकून ताणाच्या बाजूला बारीक तडा जन्मतो आणि तो वाढत जातो. शॉट पीनिंगने त्या पृष्ठभागात आधीच दाब कोंडून ठेवतात तो याचसाठी. लाकूड उलट आहे. तंतूंच्या दिशेने ते जेवढा ताण सोसतं, त्याच्या जवळपास निम्माच दाब सोसतं. म्हणून पाठीचे तंतू अखंड असतील तर आधी हार खातं ते पोट. ते दबतं आणि दोरी काढल्यावरही धनुष्य थोडं बाकलेलंच राहतं. पाट्याला आम्ही मुद्दाम एकदा प्रमाणाबाहेर दाबून बसवतो, मग तो वापरात आणखी बसत नाही. लाकडाच्या बाबतीत असं बसणं म्हणजे निव्वळ तोटा. जेवढं बसलं तेवढं बळ गेलं. त्यामुळे घडताना धनुष्य त्याला झेपेल त्या बळापलीकडे एकदाही ओढायचं नाही, अगदी गंमत म्हणूनही नाही.

मोडलेलं धनुष्य मी फेकत नाही. तुटलेला पाटा प्रयोगशाळेत नेऊन तड्याचा उगम शोधायची सवयच आहे. लाकडाचा मोडही वाचता येतो. लांबलांब, तंतुमय फाटे सुटले असतील तर लाकूड निरोगी होतं, त्याच्यावर भार जास्त आला. आडवा, आखूड, खडूसारखा मोड असेल तर लाकूड आतून कुजलेलं किंवा ठिसूळ. पोटावर आडव्या केसासारख्या रेषा दिसल्या तर ती जागा दाबाने चिरडली गेली आहे. असं धनुष्य अजून अखंड असलं तरी तिथे वाक साठतोय, हे समजावं. मामांनी एकदा असा तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, “दार कधी असं बोलत नाही बाई.”

दोरीसाठी आधी अंबाडीचा वाख वळून पाहिला. वळायला मजा येते, मेण चोळलं की दिसतेही छान, पण सगळीकडे सारखा पीळ बसणं हा वेगळाच धंदा आहे. दोरी धनुष्याच्या बळाच्या चौपट तरी ओझं पेलणारी हवी, म्हणून आता मी पॉलिएस्टरचा दोरा घेऊन बाकीची रीत जुनीच ठेवते. चढवलेली दोरी आणि मूठ यांच्यात आवळलेली मूठ व वर उभा केलेला अंगठा एवढं अंतर ठेवायचं. पूर्ण घडलेल्या धनुष्याला बेलतेलाचे हात द्यायचे, एकेक हात वाळू देत.

आणि मग येतो पाऊस. पुण्यात जून उजाडला की लाकूड हवेतली ओल प्यायला लागतं. मार्चमध्ये जे धनुष्य जोमाने उसळत होतं ते ऑगस्टमध्ये मऊ पडतं, त्याचं वजनही वाढलेलं असतं. अशा वेळी जोर लावून ओढलं तर पोट कायमचं दबतं. उलट मे महिन्यात लाकूड इतकं कोरडं होतं की ते ठिसूळ व्हायला लागतं. तेल लावून हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. त्यामुळे माझं धनुष्यकाम दिवाळीनंतर सुरू होतं. पावसाळ्यात धनुष्यं दोरी काढून कपाटावर आडवी पडलेली असतात. उभी टेकवून ठेवली तर आपल्याच भाराने बाक धरतात.

तिरंदाजी म्हटलं की आज महाराष्ट्रात साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. 2023 साली बर्लिनला दोघंही जगज्जेते झाले, ते कंपाउंड धनुष्यावर. त्या धनुष्याला चाकं असतात. पूर्ण ओढलं की हातावरचा भार एकदम कमी होतो आणि निशाण्यावर स्थिर राहता येतं. लाकडी धनुष्यात उलट, पूर्ण ओढलेल्या क्षणी भार सर्वांत जास्त. तिथे फार वेळ थांबणं तिरंदाजालाही परवडत नाही आणि लाकडालाही. सिकंदराचा सेनानी निआर्कस याच्या आधाराने एरियनने लिहून ठेवलं आहे की, भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढत. माझ्या 30 पौंडांच्या धनुष्याला पायाची गरज पडत नाही. शेतात गवताच्या पेंढ्यांवर बाण जातो, बहुतेक वेळा पेंढ्यालाच लागतो, आणि त्यात मी खूश असते.

आता कुणी विचारलं, कुठून सुरुवात करू, तर मी सांगते ते एवढंच. पहिलं धनुष्य आपल्या उंचीएवढं लांब करा आणि रुंदही ठेवा; लांब धनुष्य लाकडाला कमी त्रास देतं. बळ पंचविसाच्या पुढे नेऊ नका. बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडू नका, कारण बाणात जायचं बळ मग धनुष्यातच फिरतं आणि ते फोडतं. समोर, मागे आणि बाजूला कुणी नाही हे पाहिल्याशिवाय ओढू नका. काकांचा डोळ्याबिळ्याचा इशारा मी गमतीवारी नेलेला नाही. बाजारात तयार धनुष्यं मिळतात, चांगली मिळतात, ज्याला नुसते बाणच मारायचे आहेत त्याने ती घ्यावीत. लाकडाचं करायचं असेल तर हिवाळ्यात एक सरळ धामण शोधा, टोकं रंगवा आणि वजन लिहायला पेन्सिल हाताशी ठेवा.